यंत्राला आलेली शंका कुठे हरवली?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालेल्या एक बाई नऊ वर्षांपासून लॅब चालवतात. पांढऱ्या पेशींची तीन गटांत मोजणी करणारं थ्री-पार्ट काउंटर यंत्र आहे, दिवसाला चाळीसेक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजण्या, होतात. पॅथॉलॉजिस्ट सर आठवड्यातून दोनदा येतात, एरवी त्यांची सही संगणकातूनच छापली जाते. गेल्या सप्टेंबरात द्राक्षबागेत काम करणारा २६ वर्षांचा मुलगा आला. चार दिवसांचा ताप, हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग. हिमोग्लोबिन ८.१, पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट १४,०००. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार टक्केवारीत, ‘मिड’ (मधल्या आकाराच्या पेशी) २९ टक्के आणि त्याच्यापुढे तारा. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह. बाईंनी नमुना पुन्हा लावला, तेच आकडे आले. खाली नेहमीचं ‘काइंडली कोरिलेट क्लिनिकली’, म्हणजे लक्षणांशी ताडून पाहा, असं छापून रिपोर्ट गेला. साथ डेंग्यूची होती, उपचारही डेंग्यूचेच झाले. तिसऱ्या दिवशी डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या आणि मिरजेला पोचेपर्यंत मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिथे स्लाइडवर अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल हा रक्ताचा कर्करोग, दिसला. मुलगा वाचला नाही. आता एक विक्रेता ‘एआय’वालं फाइव्ह-पार्ट यंत्र घ्या म्हणतोय, त्यासाठी आठ लाखांचं कर्ज काढावं लागेल. बाई विचारतात: ते यंत्र असतं तर मुलगा वाचला असता का? कर्ज काढू का? यजमान म्हणतात, आपलं काम रिपोर्ट देण्यापर्यंतच, पुढचं डॉक्टर बघतील, ते बरोबर आहे का? आणि मुलाची बहीण दर महिन्याला सीबीसी करायला येते, तिला काय सांगू?

ताई,

नवं यंत्र असतं तर हा आजार सापडला असता का, असं तुम्ही विचारता. पण मिडपुढे तारा आला होता, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे जुन्या यंत्रालाही शंका आली होती. ती कागदावर उतरली आणि कागदावरच राहिली. म्हणून कर्जाचं जरा बाजूला ठेवू आणि तो तारा काय सांगत होता ते आधी पाहू.

थ्री-पार्ट काउंटर पेशी पाहत नाही, फक्त तिचं आकारमान मोजतो. लाइज या द्रावणाने लाल पेशी फुटल्या की उरलेल्या पांढऱ्या पेशी बारीक छिद्रातून एकेक करून जातात. पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो. पेशी जितकी मोठी तितका अडथळा मोठा. वॉलेस कूल्टर यांनी १९५३ साली पेटंट घेतलेलं हे तत्त्व आजही तुमच्या टेबलावर चालतंय. लाइजने आक्रसलेल्या पेशींत साधारण ३५ ते ९० फेम्टोलिटरच्या त्या लिम्फोसाइट, ९० ते १६० च्या मिड आणि त्यापुढच्या ग्रॅन्युलोसाइट, अशी ढोबळ वाटणी असते. केंद्रकाचा आकार कसा आहे, आत दाणे किती आहेत, हे त्याला कळायला मार्गच नाही. त्यामुळे एपीएलमधली रोगट प्रोमायलोसाइट, म्हणजे अर्धवट वाढलेली पांढरी पेशी, कधी मिडमध्ये जाऊन बसते, कधी ग्रॅनमध्ये. आलेखावरच्या दोन डोंगरांमधली दरी अशा पेशींनी भरली की यंत्राला सीमा आखता येत नाही, आणि ते तारा लावतं. ‘आकडा दिलाय, पण त्यावर विसंबू नका,’ एवढाच त्या ताऱ्याचा अर्थ.

नेमकी इथेच बहुतेक लॅबमध्ये गोष्ट हातची जाते. यंत्राच्या स्वतःच्या प्रिंटवर तारा असतो, आलेख असतो. रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण फक्त आकडे भरतो. तिथे ताऱ्यासाठी रकानाच नसतो. डॉक्टरांच्या हातात पडतो तो ‘मिड २९ टक्के’ असा स्वच्छ, ठाम आकडा.

आता फाइव्ह-पार्टचं. त्यात लेझरचा किरण पेशीवर पडतो. समोर विखुरलेल्या प्रकाशावरून आकार कळतो, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आतली गुंतागुंत आणि दाणे, आणि काही यंत्रांत रंगद्रव्य लावून न्यूक्लिइक ॲसिडचा अंदाजही येतो. एपीएलच्या पेशी दाण्यांनी खच्चून भरलेल्या असतात. त्यामुळे न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट यांचे एरवी वेगळे दिसणारे पुंजके एकमेकांत मिसळतात, आणि सरावलेल्या डोळ्याला हे चित्र खटकतं. म्हणजे हे यंत्र जास्त सांगतं, यात वाद नाही. पण तेही या पेशींना मोनोसाइट किंवा न्यूट्रोफिल म्हणून मोकळं होऊ शकतं. पांढऱ्या पेशी २,००० च्या खाली असल्या की मोजायलाच थोड्या पेशी मिळतात, टक्केवारी डळमळते आणि ब्लास्टची, म्हणजे कोवळ्या कर्करोगी पेशींची, सूचना चुकूही शकते. एपीएलचे बरेच रुग्ण अशा कमी पेशी घेऊनच येतात. ‘ल्युकेमिया म्हणजे पांढऱ्या पेशी लाखावर’ हा समज या आजारात घात करतो.

‘एआय’ या शब्दाबद्दलही स्पष्ट सांगते. हे संशोधन खरं आहे आणि आशादायक आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२४ साली नेहमीच्या तपासण्यांचे दहा घटक वापरून ल्युकेमियाचा प्रकार ओळखणारं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्या घटकांत रक्त गोठण्याशी संबंधित फायब्रिनोजेन आणि प्रोथ्रॉम्बिन, तसंच एलडीएच हे एन्झाइमही होतं, नुसती सीबीसी नव्हती. शिवाय ज्यांना तीव्र ल्युकेमिया झालेला आहे अशांमध्ये तो कोणत्या जातीचा, हे ते मॉडेल सांगतं. तापाच्या चाळीस नमुन्यांतून एक एपीएल वेचणं हे निराळं काम आहे. विक्रेत्याला हाच एक प्रश्न विचारा: तुमच्या एआयची परीक्षा कोणत्या रुग्णांवर झाली, त्यांत डेंग्यूचे किती होते?

आता ‘लवकर’ या शब्दाकडे वळू. तुमच्या सगळ्या पत्राच्या तळाशी तोच आहे. स्तनाच्या कर्करोगात लवकर म्हणजे गाठ लहान असताना, महिने-वर्षं आधी. एपीएलमध्ये लवकर म्हणजे आज दुपारी, उद्या सकाळी नव्हे. या पेशींतून गोठण्याची साखळी सुरू करणारे पदार्थ रक्तात येतात. त्यात फायब्रिनोजेन खर्ची पडतं, झालेल्या गुठळ्या विरघळवणारी यंत्रणाही बेफाम होते, आणि मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होतो. १९५७ साली नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी हा आजार वेगळा ओळखला तो असा झपाट्याने जीव घेणारा म्हणूनच. १९८० च्या दशकात शांघायच्या डॉक्टरांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिड म्हणजे ‘एट्रा’, वापरून या पेशी मारण्याऐवजी त्यांना वयात आणता येतं हे दाखवलं. पुढे आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांपैकी ९७ टक्के दोन वर्षांनंतर आजार न उलटता जिवंत होते. ज्यांना हा आजार होतो त्यांच्यातले बहुतेक आज पूर्ण बरे होऊ शकतात, फक्त पहिले काही दिवस निभावले पाहिजेत. एट्रा गोळीच्या रूपात मिळतं आणि नुसत्या शंकेवर सुरू करायचं असतं. पीएमएल-रारा या जनुकीय तपासणीचा निकाल यायला दिवस लागतात, तोवर थांबायचं नसतं. निदान दुसरं निघालं तर औषध बंद करता येतं.

म्हणून या आजारात लॅबमधला अर्धा तास फार मोलाचा आहे.

त्या डॉक्टरांना दोष देऊ नका, स्वतःलाही नको. सप्टेंबरात ताप, कमी पांढऱ्या पेशी आणि कमी प्लेटलेट म्हटलं की डेंग्यूच मनात येणार. पण एक आकडा त्या चित्रात बसत नव्हता. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात, हिमोग्लोबिन सहसा पडत नाही. उलट प्लाझ्मा झिरपायला लागला की हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वर जातो. बागेत राबणाऱ्या २६ वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन मोठा रक्तस्राव नसताना ८.१ असेल, तर ते डेंग्यूने चार दिवसांत झालेलं नाही. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्ही ओळी खाली आल्या की प्रश्न हाडांच्या मगजाचा, हे भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. बायकांमध्ये मात्र आठ-नऊ हिमोग्लोबिन आधीपासूनचं असू शकतं. तिथे जुना रिपोर्ट मागा आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, पाहा. लोहाच्या कमतरतेत तो खाली असतो, ल्युकेमियात बहुधा नसतो.

मग करायचं काय? रिपोर्ट छापण्याआधी स्लाइड, म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००५ साली स्लाइड कधी पाहायची याचे ४१ नियम दिले. त्यांत प्लेटलेट पहिल्यांदाच लाखाच्या खाली आल्या तरी स्लाइड सांगितली आहे. साथीत ते सगळे पाळायला गेलात तर रात्री बारापर्यंत बसावं लागेल. म्हणून तुमच्या सरांशी बोलून ही किमान रेष ठरवा: प्लेटलेट ५०,००० च्या खाली आणि सोबत हिमोग्लोबिन १० च्या खाली; किंवा नुसत्या पांढऱ्या पेशी २,००० च्या खाली; किंवा नुसता डिफरन्शियलवर तारा. या तिन्हींपैकी एकही असेल तर स्लाइड पाहिल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जाणार नाही. तापाशिवाय अंगावर डाग असतील किंवा सुई टोचलेल्या जागी दहा मिनिटं रक्त थांबत नसेल, तर आकडे न बघताच स्लाइड.

स्लाइडबद्दल थोडं सविस्तर, कारण अनेक लहान लॅबमध्ये ती सवयच सुटली आहे. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त दोन तासांच्या आत घ्या. जास्त वेळ ईडीटीएत, म्हणजे त्या ट्यूबमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, राहिलं की पेशी फुगतात, त्यांच्यात पोकळ्या दिसू लागतात. दोन-तीन मिलिमीटरचा थेंब, स्प्रेडर ३० ते ४५ अंशांत, एका दमात ओढायचा. हवेत पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात ओलसर स्लाइडवर लिशमन हा रंग ओतला की लाल पेशींवर चमकती वर्तुळं उठतात आणि सगळं वाया जातं. लिशमन दोन मिनिटं, मग त्याच्या दुप्पट ६.८ पीएचचं बफर पाणी, हलकी फुंकर घालून मिसळून आठ-दहा मिनिटं. नळाचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने रंग निळसर येतो आणि दाण्यांची ओळख पटत नाही.

पांढऱ्या पेशी १,९०० असताना स्लाइडच्या मध्यभागी काहीच सापडत नाही. मोठ्या पेशी शेपटीकडे आणि दोन्ही कडांना ढकलल्या जातात. आधी तिथे १० च्या लेन्सने फिरा, मग तेल टाकून १०० वर जा. तरीही पेशी मिळेनात तर ट्यूबमधलं थोडं रक्त सेंट्रिफ्यूज करून लाल थराच्या वरची करडी साय पिपेटने उचला आणि तिची स्लाइड करा. याला दहा मिनिटं लागतात आणि पेशी एकदम दाट मिळतात. एपीएलची पेशी मोठी असते. केंद्रक मूत्रपिंडासारखं वाकलेलं किंवा मध्ये चिमटलेल्या डमरूसारखं. पेशीद्रव्यात जांभळट लाल दाणे इतके की केंद्रकाची कडही झाकली जाते. नशिबाने एखाद्या पेशीत लालसर काड्यांचा जुडगा दिसला, जणू कडब्याची पेंढी, तर आणखी शोधत बसू नका, फोन उचला. त्या काड्या म्हणजे औअर रॉड. फसवणूक दोन ठिकाणी होते. जुन्या, न गाळलेल्या लिशमनची कणी पेशीवर बसून दाण्यांसारखी दिसते. ती पेशीच्या बाहेरही पडलेली असते आणि फोकस किंचित वर घेतल्यावर स्पष्ट होते, त्यावरून ओळखा. दुसरी फसवणूक उलटी आहे. या आजाराच्या एका प्रकारात दाणे साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतच नाहीत, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतात आणि पेशी मोनोसाइटसारख्या वाटतात. तिथे डमरूसारखं केंद्रक हीच खूण.

सोबत निळ्या झाकणाची ट्यूब घ्या, खुणेपर्यंत भरलेली: २.७ मिलिलिटर रक्त आणि ०.३ सायट्रेट. अर्धवट भरलीत तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटाच लांबतो. पीटी तुमच्याकडे होत असेल तर लगेच लावा. फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या गोठण्याच्या पुढच्या तपासण्यांसाठी तिथेच अडून राहू नका, ते पुढच्या रुग्णालयात होईल. आणि प्लेटलेट खरोखर कमी आहेत ना, हे त्याच स्लाइडवर पाहून घ्या. ईडीटीएमुळे त्यांचे गठ्ठे झाले की यंत्र खोटे कमी आकडे देतं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. अर्धं बरोबर आहे. निदान करणं तुमचं काम नाही, ‘ल्युकेमिया’ हा शब्द तुम्ही उच्चारायचा नाही, नातेवाइकांसमोर तर नाहीच. पण धोकादायक आकडा वेळेत डॉक्टरांच्या कानावर घालणं हे लॅबचंच काम आहे. ‘काइंडली कोरिलेट क्लिनिकली’ प्रत्येक रिपोर्टखाली असतं, म्हणून ते कुणीच वाचत नाही. फोनवर असं बोला: “डॉक्टर, आत्ताच्या तापाच्या पेशंटचं हिमोग्लोबिन ८.१, पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट १४,०००. तिन्ही कमी आहेत. डिफरन्शियल यंत्राला जमलेलं नाही. स्लाइडवर मोठ्या, दाणेदार, अपरिपक्व पेशी दिसतात. सरांना फोटो पाठवलाय. हिमॅटॉलॉजिस्टनी (रक्तविकारतज्ज्ञांनी) आजच पाहावं असं वाटतं.” आकडे त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या आणि वहीत वेळ लिहा. अर्ध्या तासात डॉक्टर सापडले नाहीत तर घरच्यांना फोन करून एवढंच सांगा की रक्तस्रावाचा धोका दिसतोय, पेशंटला आत्ता डॉक्टरांकडे न्या. तापाला पॅरासिटामॉल चालेल. कमरेत इंजेक्शन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. मोटारसायकलवर नेऊ नका.

नेताना सोबत काय द्यायचं तेही ठरलेलं असू द्या: उरलेली जांभळी ट्यूब, एक रंगवलेली आणि दोन न रंगवलेल्या स्लाइड, नाव पेन्सिलने लिहिलेलं, आणि यंत्राचं मूळ प्रिंट आलेखासकट. निघण्याआधी डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी रुग्णालयाला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: एट्रा हाताशी आहे का, फायब्रिनोजेन रात्री होतं का, प्लेटलेट आणि क्रायोप्रेसिपिटेट (फायब्रिनोजेन भरून काढणारा रक्तघटक) मिळेल का. मिरज, कराड की कोल्हापूर, हे या उत्तरांवर ठरावं. पुणं दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. त्या प्रवासाआधी जवळच्या ठिकाणी प्लेटलेट आणि एट्रा सुरू होणं हिताचं. खर्चाने घर हादरतं, म्हणून महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात शिरताच योजनेच्या मदतनिसाला, आरोग्यमित्राला, गाठायला सांगा.

छापील सहीबद्दल मात्र मी गप्प बसू शकत नाही. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. कायदा बाजूला ठेवला तरी त्या दिवशी सरांची सही कागदावर होती आणि नजर नव्हती. सर रोज येऊ शकत नसतील, तर वरच्या रेषेत बसणाऱ्या नमुन्यांचे फोटो त्यांना त्याच वेळी पाठवायचे आणि त्यांनी पाहून कळवायचं, हे ठरवून घ्या. आयपीसला मोबाइल टेकवून १०० लेन्सवरचे सहा-सात फोटो पुरतात. पेशंटचं नाव त्यात नको.

राहिलं कर्ज. आधी चांगल्या १०० लेन्सचा बायनॉक्युलर सूक्ष्मदर्शक, ताजा लिशमन, बफरच्या गोळ्या, नसेल तर गोठण्याचा वेळ मोजणारा सेमी-ऑटो कोॲग्युलोमीटर, आणि दिल्लीच्या एम्सकडून चालणाऱ्या हिमॅटॉलॉजीच्या बाह्य गुणवत्ता कार्यक्रमात नाव. हे सगळं आठ लाखांच्या कितीतरी आत बसतं. सहा महिने स्लाइडची सवय लागली आणि तरीही कामाचा रेटा असेल, तर फाइव्ह-पार्ट जरूर घ्या. घेताना पाहा: कमी पांढऱ्या पेशींसाठी जास्त पेशी मोजायची सोय आहे का, स्कॅटरग्राम, म्हणजे पेशींच्या पुंजक्यांचं चित्र, छापता येतो का, सूचना तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप उतरते का, रिएजंट फक्त त्याच कंपनीचे लागतात का आणि दर टेस्टला किती पडतात, यंत्र बंद पडलं तर इंजिनिअर किती तासांत येतो. डेमोला कंपनीचे नमुने नकोत. तुमचेच डेंग्यूचे वीस नमुने लावा आणि किती ठिकाणी ब्लास्टची घंटा वाजते ते मोजा. एपीएल वर्षाला लाख लोकांत एकालाही होत नाही. तुमच्या वर्षाच्या बारा हजार सीबीसींत कदाचित एकही नसेल. म्हणजे वाजणाऱ्या घंटा जवळपास सगळ्या खोट्याच असणार. खोट्या घंटा फार झाल्या की खरी ऐकू येत नाही. यंत्र घेण्याआधी त्याची घंटा कोण ऐकणार, हे ठरलेलं असावं.

तो मुलगा वाचला असता का? याचं खरं उत्तर कुणाकडेच नाही. निदान वेळेत होऊनही पहिल्या आठवड्यात रक्तस्रावाने काही रुग्ण जातात, मोठ्या केंद्रांतही. त्याला वाचायची संधी जास्त मिळाली असती, इतकंच म्हणता येतं, आणि ते तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत.

त्याच्या बहिणीची सीबीसी आता थांबवा. हा आजार घराण्यातून येत नाही. मगजातल्या एका पेशीत जन्मानंतर घडलेल्या बदलातून तो होतो, आणि तिच्या भावाच्या हातून किंवा घरच्यांच्या हातून काही चुकलं म्हणून तो झाला असं नाही. आजार काही आठवड्यांत उभा राहतो, त्यामुळे जूनमधली चांगली सीबीसी सप्टेंबरची हमी देत नाही. ताप नसताना डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलं, पाळीत एकाएकी फार रक्त जाऊ लागलं, तर त्याच दिवशी ये, हे सांगा. पुढच्या वेळी ती आली की सुई काढण्याआधी तिला खुर्चीवर बसवा, पैसे घेऊ नका, आणि ती भावाचा रिपोर्ट मागत असेल तर यंत्राच्या मूळ प्रिंटसकट द्या.